बोकडाच्या डोळ्यात पी२वाय२ रिसेप्टर शोधायचा कसा: खाटकाच्या ओट्यापासून स्लाइडपर्यंत

रविवारी सकाळी साताऱ्यात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. तुम्ही त्याआधी, सहा-साडेसहालाच पोहोचा. केस जाळण्यासाठी बोकडाची मुंडी जाळावर धरतात आणि एकदा आच लागली की कॉर्निया पांढरा पडतो, आतली प्रथिनं गोठतात. तो डोळा मग आपल्या कामाचा राहत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच दुकानात सांगून ठेवायचं, "मामा, मुंडी भाजायच्या आधी डोळे काढून द्या, आणि पापण्या कापू नका."

मी साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या मुलांनी डोळ्यातल्या न्यूक्लिओटाइड रिसेप्टरांवर, म्हणजे एटीपीसारख्या रेणूंचा निरोप घेणाऱ्या पेशीच्या पडद्यावरच्या प्रथिनांवर, प्रकल्प करावा असा माझा आग्रह असतो. ऊतक स्वस्तात मिळतं, प्राणी आपल्यासाठी मारावा लागत नाही आणि प्रश्न मात्र अस्सल संशोधनाचा असतो. तरीही कॉलेजच्या समितीला एक पत्र देऊन लेखी परवानगी घ्या, प्रबंधाला ती जोडावी लागते.

आधी कागदावरचा नकाशा

एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, हे बारावीपासून पाठ असतं. पण पेशीला धक्का बसला, ती ताणली गेली किंवा फाटली की हाच एटीपी बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींसाठी निरोप ठरतो. जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ साली अशा निरोप्या मज्जातंतूंची कल्पना मांडली. बरीच वर्षं ती फारशी कुणाला पटली नाही. १९९३-९४ मध्ये या रिसेप्टरांची जनुकं हाती लागली आणि शंकेला जागा उरली नाही. आज दोन घराणी मानतात. पी२एक्स म्हणजे एटीपी चिकटताच उघडणाऱ्या आयनवाहिन्या, एकूण सात. पी२वाय म्हणजे जी-प्रथिनांमार्फत (निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांमार्फत) काम करणारे रिसेप्टर, एकूण आठ: १, २, ४, ६, ११, १२, १३ आणि १४. मधले आकडे गळलेत म्हणून गोंधळू नका, काही नावं दिली गेली आणि नंतर मागे घेतली गेली.

पंधराच्या पंधरा रिसेप्टर शोधतो म्हणणारा विद्यार्थी सहा महिन्यांत एकही नीट शोधत नाही. एक रिसेप्टर आणि तीन ऊतकं एवढंच घ्या. माझी शिफारस पी२वाय२ची. एटीपी आणि त्याचाच भाऊबंद यूटीपी दोन्ही त्याला जवळजवळ सारख्याच जोमाने चेतवतात आणि डोळ्यात तो पुढून मागून भेटतो. कंजंक्टिव्हाच्या (पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाच्या) वरच्या पेशींत आणि त्यांच्यातल्या श्लेष्मा ओतणाऱ्या गॉब्लेट पेशींत, कॉर्नियाच्या वरच्या थरात, पापणीतल्या तेलकट स्राव देणाऱ्या मायबोमियन ग्रंथीत, द्रव तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीच्या बिनरंगी थरात आणि थेट मागे दृष्टिपटलाला टेकलेल्या रंजक पेशींच्या थरात त्याची नोंद झालेली आहे. या रिसेप्टरला चेतवणारं डायक्वाफोसॉल नावाचं औषध ३ टक्क्यांच्या थेंबांच्या रूपात २०१० साली जपानमध्ये कोरड्या डोळ्यांसाठी मान्य झालं. सांगलीत हळदीच्या पेठेत दिवसभर पोती उलटणारा हमाल डोळे चोळताना दिसला की मला हेच आठवतं. कोरड्या डोळ्यात पाणी आणि श्लेष्मा आणणारी कळ नेमकी कोणत्या पेशीवर आहे, हे आधी कुणीतरी स्लाइडवर शोधलं, थेंब त्यानंतर आले.

दुसरा रिसेप्टर घ्यायचाच असेल तर पी२एक्स७. तो दृष्टिपटलातल्या गँग्लियन पेशींवर (मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशींवर) सापडतो. एटीपी जास्त झाला की त्याच्यामार्फत पेशीत कॅल्शियम घुसतं आणि पेशी मरू शकते, म्हणून काचबिंदूच्या अभ्यासात त्याचं नाव वारंवार येतं. पण त्याच्या अँटिबॉडीचा (त्याला हेरून चिकटणाऱ्या प्रथिनाचा) इतिहास अवघड आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वरची बहुतेक माहिती उंदीर, ससा, माकड आणि माणूस यांच्यावरून आली आहे. बोकडात तसंच असेल हे गृहीत धरू नका. तेच तुम्हाला तपासायचं आहे.

अँटिबॉडी मागवण्याआधीचा एक तास

आपली रीत अशी: प्राथमिक अँटिबॉडी छेदातल्या रिसेप्टरला चिकटते, दुय्यम अँटिबॉडी प्राथमिकीला चिकटते आणि तिच्यामुळे तिथे रंग उमटतो. कंपनीच्या माहितीपत्रकात "उंदीर, माणूस यांत चालते" असं लिहिलेलं असतं, बोकडाचा उल्लेख सहसा नसतो. ती अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध बनवली आहे तो क्रम पत्रकात शोधा. नसेल तर कंपनीला मेल करून मागा. एनसीबीआय या जनुक-प्रथिनांच्या ऑनलाइन साठ्यावरून बोकडाच्या पी२वाय२चा अमिनो आम्लांचा क्रम उतरवा आणि दोन्ही एकाखाली एक लावून पाहा. पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या तुकड्यात एखादाच फरक असेल तर पुढे जा. चार-पाच असतील तर दुसरी अँटिबॉडी शोधा. हा तासाभराचा व्याप वाचवायला गेलं तर पुढे महिने वाया जातात.

प्राथमिक अँटिबॉडी सशात बनवलेली घ्या. बोकडात किंवा मेंढीत बनवलेली घेतलीत तर दुय्यम अँटिबॉडी "बोकडविरोधी" लागेल, आणि ती तुमच्या ऊतकातल्या बोकडाच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनला (अँटिबॉडींना) जाऊन चिकटेल. सगळी स्लाइड तपकिरी! सशातली प्राथमिक आणि बोकडात बनवलेली ससाविरोधी दुय्यम ही जोडी आपल्या कामाला उत्तम. अवरोधासाठी (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये यासाठी) बोकडाचं सीरमही बिनघोर चालतं.

अँटिबॉडीबरोबर तिचा अवरोधक पेप्टाइडही (ती ज्या तुकड्याविरुद्ध बनवली तोच तुकडा) त्याच वेळी मागवा. पार्सल सोमवारी निघेल असं पाहा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठल्यातरी गोदामात पडतं आणि बर्फाच्या पिशव्यांचं पाणी होतं. हातात आल्याबरोबर दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. वीज जाते त्या दिवसांत फ्रीजरचं दार उघडायचं नाही, हे दारावर लिहून चिकटवा.

डोळा आणणं आणि उघडणं

मिठाच्या ०.९ टक्के द्रावणात भिजवलेल्या गॉजमध्ये डोळा गुंडाळा, प्लॅस्टिकच्या डबीत घाला आणि ती डबी बर्फावर ठेवा. डोळा उघडा बर्फावर ठेवला तर एका बाजूने गोठतो आणि पेशी फुटतात. प्रयोगशाळेत तासाभरात पोहोचायला हवं. माण-खटावकडच्या बाजारातून आणायचा विचार असेल तर स्थिरीकरणाचं (पेशी आहेत तशा टिकवणारं) द्रावण सोबत न्या आणि तिथेच काम सुरू करा. हातमोजे अर्थातच.

डोळा काढण्याआधी, दुकानातच, वरच्या बाजूला, पांढऱ्या भागात, दोऱ्याचा एक टाका घाला. बोकडाची बाहुली आडवी असते, त्यामुळे आडवी दिशा नंतरही ओळखता येते. वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, ते मात्र कळत नाही. डावा-उजवा चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीत टाका. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

आता या कामातला सगळ्यात नाजूक भाग. दृष्टिपटल मागच्या भिंतीला घट्ट चिकटलेलं नसतं. नेत्रचेतेच्या (मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या) तोंडाशी आणि पुढच्या कडेशी ते पक्कं असतं, बाकी सगळं नुसतं टेकलेलं. ताजा डोळा उघडून आतला जेलीसारखा नेत्रकाच ओढलात तर दृष्टिपटल त्याच्याबरोबर निघून येतं. म्हणून आधी कॉर्नियाच्या कडेमागे पाचएक मिलिमीटरवर ब्लेडने छोटी खिडकी पाडा आणि अख्खा डोळा स्थिरीकरणाच्या थंड द्रावणात तासभर ठेवा. मग त्याच खिडकीतून कात्री घालून गोल कापत पुढचा भाग झाकणासारखा वेगळा करा. भिंग बाजूला काढा. पॅराफिनमध्ये (छेद घेण्याआधी ऊतक ज्यात बसवतात त्या मेणात) ते दगडासारखं होतं आणि ब्लेडखाली चुरा होऊन शेजारचे छेद फाडतं.

मागच्या वाटीत पाहा. वरच्या अर्ध्यात निळसर-हिरवी, मोरपिसासारखी चमक दिसते. रात्री बॅटरीच्या उजेडात शेळीचे डोळे चमकतात ते या थरामुळे, त्याचं नाव टॅपेटम. त्याच्यावर ताणलेलं दृष्टिपटल ताजं असताना काचेसारखं पारदर्शक असतं. द्रावण लागलं की काही मिनिटांत ते दुधावरच्या सायीसारखं दिसू लागतं, कडेला बारीक सुरकुत्या पडतात. विद्यार्थ्यांना मी इथे थांबवतो आणि दोन मिनिटं नुसतं पाहायला लावतो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जे रेषारेषांचं दिसणार आहे, त्याचं खरं रूप एवढं एकदाच नजरेला पडतं.

टॅपेटमचा भाग जपून वेगळा ठेवायला व्यावहारिक कारणही आहे. रंजक थरात एरवी गच्च मेलॅनिन असतं, तपकिरी-काळं. आपण अँटिबॉडी दाखवायला जे डीएबी वापरतो त्याचा रंगही तपकिरीच. रिसेप्टर कुठला आणि रंजकद्रव्य कुठलं हे ओळखता येत नाही. पण टॅपेटमसमोरच्या पेशींत निसर्गानेच मेलॅनिन ठेवलेलं नाही, कारण उजेड त्या थरातून आरपार जाऊन परतायला हवा. तिथे छेद घेतलात तर रंजक थर स्वच्छ मिळतो आणि तपकिरी दिसलं तर ते डीएबीचंच. बुबुळासारख्या रंगीत भागासाठी डीएबीऐवजी लाल रंग देणारं एईसी वापरा. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून काचझाकण ग्लिसरीनयुक्त पाणीदार माध्यमातच लावा.

स्थिरीकरण आणि छेद

रिसेप्टरांसाठी मी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरतो: १०० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये ४ ग्रॅम, ६० अंशांवर ढवळायचं, ढगाळ राहिलं तर सोडियम हायड्रॉक्साइडचे थोडे थेंब, मग गाळून, थंड करून पीएच ७.४. हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटातच करा. ऊतक ४ अंशांवर बारा ते चोवीस तास ठेवा, त्याहून जास्त नको. जास्त वेळ राहिलं की अँटिबॉडीची चिकटायची जागाच झाकली जाते. दृष्टिपटलाचे थर सुंदर दिसावेत एवढाच हेतू असेल तर डेव्हिडसनचं द्रावण सरस आहे. पण त्यात अ‍ॅसेटिक आम्ल असतं, म्हणून दुसऱ्या डोळ्यासाठी ते ठेवा.

क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवलेल्या ऊतकाचे छेद घेणारं यंत्र, बहुतेक कॉलेजांत नसतो. तो कुठे मिळेल याची शिवाजी विद्यापीठात चौकशी करायला हरकत नाही. पण कोल्हापूर साताऱ्याहून सुमारे १२० किलोमीटर आहे, तेव्हा पॅराफिनवर हात बसवणंच शहाणपणाचं. अल्कोहोलची चढती मालिका, झायलीन, ५८-६० अंशांचं मेण ही नेहमीची वाट. एप्रिल-मेमध्ये साताऱ्यात मेण ब्लेडखाली मऊ पडतं आणि छेद एकमेकांवर गोळा होतात. ठोकळा दहा मिनिटं बर्फावर उपडा ठेवा आणि सकाळी आठच्या आत कापा. जाडी ५ मायक्रॉन. स्लाइड पॉलिलायसिन लावलेल्याच घ्या, साध्या काचेवरचं दृष्टिपटल पुढच्या गरम पाण्यात तरंगत निघून जातं.

रंगवण

मेण उतरवून स्लाइड पाण्यापर्यंत आणा. स्थिरीकरणात झाकल्या गेलेल्या जागा अँटिबॉडीसाठी पुन्हा उघडायच्या आहेत. सायट्रेट बफर (लिटरला २.९४ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, पीएच ६) ९५ अंशांवर तापवून त्यात वीस मिनिटं ठेवा. मग भांडं बाहेर काढून त्याच बफरमध्ये वीस मिनिटं निवू द्या. घाईने थंड पाण्यात टाकलेल्या स्लाइडवरून पांढऱ्या भागाचे तुकडे सुटतात.

पुढची पायरी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दहा मिनिटं. ऊतकातलं स्वतःचं पेरॉक्सिडेज हे विकरही डीएबीला तपकिरी करतं, ते यात निकामी होतं. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका वर्षी कंजंक्टिव्हाच्या छेदात रंग इतका ठसठशीत आला की आम्ही त्याच संध्याकाळी फोटो काढून निष्कर्ष लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी नियंत्रण स्लाइड पाहिली. त्यावर प्राथमिक अँटिबॉडी घातलेलीच नव्हती, तरी ती तेवढीच तपकिरी होती. रक्तपेशींतलं स्वतःचं पेरॉक्सिडेज तसंच जिवंत राहिलं होतं. उन्हाळाभर उघडी राहिलेली पेरॉक्साइडची बाटली निर्जीव झाली होती आणि मी ती न तपासता मुलाच्या हातात दिली होती. त्याचे तीन आठवडे गेले, ते मला आजही सलतं. तेव्हापासून रंगवणीच्या सकाळी कच्च्या बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाकून पाहतो. फेस मलूल असेल तर नवी बाटली फोडतो.

मग ५ टक्के बोकडाचं सीरम अर्धा तास. प्राथमिक अँटिबॉडी पहिल्या वेळी १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशा चार पातळ्यांवर लावा, ४ अंशांवर रात्रभर. ओल टिकायला स्टीलच्या सपाट डब्यात ओला टिपकागद अंथरून, वर काड्या ठेवून त्यांवर स्लाइड मांडा. डब्याचं झाकण घट्ट हवं, कारण छेदाची कड वाळली की तिथे खोटा रंग येतो. दुसऱ्या दिवशी धुऊन दुय्यम अँटिबॉडी, मग डीएबी. डीएबीचा वेळ एका स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली ठरवा आणि बाकी सगळ्या स्लाइड, नियंत्रणांसकट, तेवढ्याच सेकंदांना थांबवा. हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकांना निळा रंग देणारं) अगदी फिकं ठेवा. डीएबी आणि फॉर्मलिन बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

नियंत्रणं

माझ्या मते प्रबंधाचा अर्धा जीव इथे आहे. प्राथमिक अँटिबॉडीविना एक स्लाइड. सशाचं साधं इम्युनोग्लोब्युलिन त्याच प्रमाणात लावलेली दुसरी. पेप्टाइडबरोबर आधी रात्रभर मिसळून ठेवलेल्या अँटिबॉडीची तिसरी. पण पेप्टाइडने रंग गेला म्हणजे तो पी२वाय२च होता असं सिद्ध होत नाही. तसाच तुकडा असलेलं भलतंच प्रथिनही असू शकतं. पी२एक्स७च्या बाबतीत २००४ मध्ये हेच समोर आलं. ज्या उंदरांतून पी२एक्स७चं जनुकच काढलेलं होतं, त्यांच्या मेंदूतही प्रचलित अँटिबॉडी खुणा दाखवत होत्या.

म्हणून दुसरी साक्ष हवीच, आरटी-पीसीआरची, म्हणजे त्या जनुकाचा आरएनए ऊतकात आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीची. तिचा सापळा असा. पी२वाय२च्या जनुकाचा प्रथिन बनवणारा सगळा भाग एकाच एक्सॉनमध्ये, म्हणजे सलग एका तुकड्यात, आहे. त्यामुळे आरएनएमध्ये डीएनए मिसळला असेल तरी जेलवर त्याच लांबीची पट्टी येते आणि तुम्ही फसता. डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) उपचार करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याबरोबर चालवा. त्या नळीत पट्टी आली तर तो नमुना बाद.

ऊतकं एकमेकांत मिसळतात हेही तपासा. दृष्टिपटल सोलताना रंजक पेशी हमखास सोबत येतात. आरपीई६५ हे जनुक रंजक थराची खूण, रोडॉप्सिन दृष्टिपटलाची, एमयूसी५एसी गॉब्लेट पेशींची. दृष्टिपटलाच्या नमुन्यात आरपीई६५ जोरात दिसलं तर तिथला पी२वाय२ कुणाचा, हे सांगता येणार नाही.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करणार असाल तर नमुना उकळू नका. असे पडद्यातले रिसेप्टर उकळल्यावर गुठळ्या होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास पुरे. माणसातला पी२वाय२ ३७७ अमिनो आम्लांचा, सुमारे ४२ किलोडाल्टनचा आहे. साखरा जोडलेल्या असल्याने पट्टी त्याच्या वर सरकू शकते.

स्लाइड वाचताना

सगळे "आहे" किंवा "नाही" लिहून मोकळे होतात. मला विद्यार्थ्याकडून त्यापुढचं उत्तर हवं असतं: पेशीच्या कुठल्या तोंडावर? ४०च्या भिंगाखाली पेशीची वरची कड, बाजू आणि तळ वेगवेगळे पाहा आणि तिन्हींची वेगळी नोंद करा.

कंजंक्टिव्हात पी२वाय२ अश्रूंकडच्या तोंडावर चेतवला की पेशीतलं कॅल्शियम वाढतं, क्लोराइड अश्रूंच्या बाजूला जातं आणि त्यामागून पाणी. डोळ्यावरची ओल वाढते. रंजक थरात तोच रिसेप्टर दृष्टिपटलाकडच्या तोंडावर असतो. तिथेही कॅल्शियम वाढतं, पण क्लोराइडची वाट तळाच्या बाजूने उघडते आणि पाणी दृष्टिपटलामागच्या फटीतून शोषलं जाऊन मागच्या रक्तवाहिन्यांच्या थराकडे जातं. सुटलेल्या दृष्टिपटलामागचं पाणी या मार्गाने कमी करता येतं का, हे उंदरांत तपासून झालं आहे. एक रिसेप्टर एके ठिकाणी पाणी आणतो, दुसरीकडे काढून घेतो. तोंड न पाहता तुम्ही नुसतं "रंजक थरात पी२वाय२ आहे" लिहिलंत तर ही सगळी गोष्ट वाचणाऱ्याच्या हातातून निसटते.

५ मायक्रॉनच्या तिरक्या छेदात मात्र तोंड ओळखता येत नाही. केंद्रकं एका रांगेत दिसतात अशाच जागा निवडा. गॉब्लेट पेशींचा श्लेष्मा अँटिबॉडी नुसताच धरून ठेवतो, तेव्हा रंग पडद्यावर आहे की श्लेष्म्याच्या थेंबात, ते पाहा.

रंग किती गडद आला याचे गुण देण्याचं काम मैत्रिणीला द्या, स्लाइडच्या नावांवर कागद चिकटवून. निदान तीन बोकड, प्रत्येकाचे तीन छेद. एका बोकडाचे दोन डोळे म्हणजे दोन प्राणी नव्हेत, आणि नऊ छेद म्हणजे नऊ नमुनेही नव्हेत. तक्त्यात संख्या तीनच लिहायची.

फोटोखालच्या ओळीत "पी२वाय२ रिसेप्टर" असं थेट न लिहिता "पी२वाय२-विरोधी अँटिबॉडीची अभिक्रिया" असं लिहा. अँटिबॉडीचा क्रमांक, प्रमाण, डीएबीचे सेकंद आणि डोळ्याची बाजूही तिथेच द्या. शेजारी, त्याच उजेडात काढलेला नियंत्रण स्लाइडचा फोटो लावा. मेणाचे उरलेले ठोकळे फेकू नका. पेन्सिलीने नावं घालून थंड जागी ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलाला पी२वाय६ शोधायला तेच उपयोगी पडतील.